अवघडपणाचेही एक शास्त्र आहे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात जुने शहर, अकोला येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक समारंभात पाहुण्याने चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, असा प्रघात आहे. मी उपदेशाऐवजी आपल्याला एका परिषदेची ओळख करून देणार आहे. ही परिषद दरवर्षी डिसेंबर महिन्यात आपल्या देशात भरते. पुण्यात आणि मुंबईत ती अनेकदा भरली आहे. वृत्तपत्रांत तिची बातमी क्वचितच येते, कारण तेथे ना घोषणा होतात, ना सत्कार. देशोदेशीचे लोक एकत्र येतात आणि फळ्यावर, पडद्यावर सिद्धता मांडतात. त्यांच्या चर्चेचा एक मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो: एखादा हिशेब अवघड आहे म्हणजे नेमके काय, आणि तो अवघड आहे हे सिद्ध करता येईल का? या शास्त्राला गणन-जटिलतेचा सिद्धांत म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर, हिशेबाच्या अवघडपणाचे शास्त्र.

हा विषय निवडण्याचे कारण असे. आपल्या वस्तीतल्या पुष्कळ मुलांच्या मनात, आणि मुलींच्या मनात तर त्याहून अधिक, लहानपणीच एक गोष्ट ठसवली जाते: गणित अवघड आहे, ते तुझ्या आवाक्यातले नाही. म्हणजे अवघडपणाचा दोष आपण मुलाच्या माथी मारतो. या शास्त्राने गेल्या साठ वर्षांत जे दाखवून दिले, ते याच्या अगदी उलट आहे. अवघडपणा हा प्रश्नाचा गुण असतो. त्याचे माप घेता येते, त्याच्या जाती ठरवता येतात.

एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे घेऊ. जून महिना आला की शाळेत वेळापत्रकाचे काम निघते. इतक्या तुकड्या, इतके शिक्षक, इतके वर्ग. अमुक सर दुपारनंतरच उपलब्ध, प्रयोगशाळा एकच, एका शिक्षकाला एका वेळी दोन वर्गांवर पाठवता येत नाही. पर्यवेक्षक कागद घेऊन बसतात, खोडतात, पुन्हा लिहितात. शनिवारची एक तासिका बसवावी तर मंगळवारच्या दोन विस्कटतात. या कामात आठवडा गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. आता समजा, कोणी तयार वेळापत्रक आपल्या हाती दिले आणि विचारले, यात काही चूक आहे का पाहा. अर्ध्या तासात आपण सांगू शकतो. तुकडीनिहाय आणि शिक्षकनिहाय तक्ते जुळवून पाहिले की काम झाले.

उत्तर शोधायला आठवडा आणि तपासायला अर्धा तास. हे अंतर खरोखरच आहे, की आपल्याला अद्याप शोधण्याची युक्ती सापडलेली नाही म्हणून ते आहे असे भासते? या एका प्रश्नाभोवती हे सारे शास्त्र उभे आहे.

आता प्रश्नांच्या जाती कशा ठरवतात ते पाहू. त्यासाठी दोन प्रश्न घेऊ. दिसायला ते सख्ख्या बहिणी वाटतात. पहिला असा: जुन्या शहरातल्या एका मोहल्ल्यात पोस्टमनला पत्रे वाटायची आहेत. प्रत्येक गल्लीतून त्याने एकदाच जावे, एकही गल्ली सुटू नये आणि दोनदा होऊ नये. हे जमेल का? युरोपातील कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांबद्दल असाच प्रश्न विचारला जात असे आणि ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये त्याचा निकाल लावला. त्याची कसोटी आठवीतल्या मुलालाही लावता येते. प्रत्येक चौकात किती गल्ल्या येऊन मिळतात ते मोजा. विषम संख्येने गल्ल्या मिळतात असे चौक दोनपेक्षा अधिक असतील, तर जमणार नाही. असा एकही चौक नसेल किंवा नेमके दोनच असतील, तर जमेल. मोहल्ला कितीही मोठा असला तरी चौक मोजले की उत्तर हाती येते.

दुसरा प्रश्न: अकोल्याच्या एका कापड व्यापाऱ्याला जिल्ह्यातल्या बाकीच्या सहा तालुक्यांच्या गावी माल पोहोचवून परत यायचे आहे. अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी आणि मूर्तिजापूर. प्रत्येक गावी एकदाच जायचे आणि एकूण अंतर कमीत कमी व्हायला हवे. सहा गावे ७२० क्रमांनी घेता येतात. उलट्या फेरीचे अंतर तेवढेच असते, म्हणून ३६० मार्ग उरतात. चिकाटीचा मुनीम तेवढे मार्ग तपासूनही पाहील. गावे दहा केली तर मार्ग १८ लाखांवर जातात. गावे वीस झाली, तर सेकंदाला एक कोटी मार्ग तपासणाऱ्या यंत्रालाही सर्व मार्ग पाहून होण्यास सुमारे ३,८५० वर्षे लागतील. यंत्र शंभरपट वेगवान घेतले तर हा काळ ३८ वर्षांवर येतो. पण त्याच नव्या यंत्राला आणखी पाच गावे दिली की काळ २४ कोटी वर्षांच्या वर जातो! यंत्राचा वेग येथे फारसा कामास येत नाही, कारण प्रश्नच त्याहून वेगाने फुगत जातो.

हुशारीने केलेल्या पद्धती याहून पुष्कळ बऱ्या आहेत आणि प्रत्यक्ष व्यवहारात शेकडो गावांचे मार्गही त्यांनी शोधले जातात, हे येथे सांगितले पाहिजे. परंतु गावांची कोणतीही यादी समोर आली तरी वाजवी वेळात हमखास उत्तर देईल अशी पद्धत आजपर्यंत कोणालाही सापडलेली नाही. गल्ल्यांचा प्रश्न सोपा आणि गावांचा अवघड. वरवर पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही. तो शोधून काढावा लागतो.

या शास्त्राला आजचे नाव मिळाले ते हार्टमानिस आणि स्टर्न्स या दोघांच्या १९६५ च्या निबंधावरून. त्याचा मध्यवर्ती प्रश्न मात्र एका परिषदेत पुढे आला. मे १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात भरलेल्या परिषदेत स्टीफन कुक यांनी एक निबंध वाचला. ज्यांचे उत्तर झटपट तपासता येते, असे सारे प्रश्न एका विशिष्ट तर्कशास्त्रीय प्रश्नात रूपांतरित करता येतात, असे त्यांनी दाखवले. तो एक प्रश्न झटपट सुटला की सगळेच सुटले. सोव्हिएत रशियात लिओनिद लेविन स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले. त्यांचा निबंध १९७३ मध्ये आला. दरम्यान १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी असे एकवीस प्रश्न एका माळेत ओवून दाखवले. मार्ग शोधणे, सामान भरणे, कामे वाटून देणे असे नाना धंद्यांतले ते प्रश्न, पण अवघडपणाच्या दृष्टीने सारे एकाच कुळातले. शाळेच्या वेळापत्रकाचाही त्या कुळात समावेश झाला. एव्हन, इताई आणि शमीर यांनी १९७६ च्या निबंधात ते सिद्ध केले. तेव्हा पर्यवेक्षक महाशय, तुमचे वेळापत्रक जुळत नसेल तर त्यात तुमचा काहीही दोष नाही!

झटपट सोडवता येणाऱ्या प्रश्नांच्या वर्गाला ‘पी’ म्हणतात आणि ज्यांचे उत्तर झटपट तपासता येते त्या वर्गाला ‘एनपी’. हे दोन वर्ग एकच आहेत की वेगळे, हे अद्याप कोणीही सिद्ध करू शकलेले नाही. २००० साली अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने सात प्रश्नांसाठी प्रत्येकी दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. त्या सातांपैकी हा एक आहे.

आता आपल्या देशातल्या परिषदेकडे वळू. तिचे नाव लांबलचक आहे: फाउंडेशन्स ऑफ सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी अँड थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्स. आद्याक्षरांवरून तिला एफएसटीटीसीएस म्हणतात. ती १९८१ मध्ये बंगलोरला सुरू झाली. १९८७ आणि १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षे ती पुण्यात भरली. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक शाळांनी संगणक चित्रातच पाहिला होता. पुढे १९९३, २००३ आणि २०११ मध्ये ती मुंबईत झाली आणि ११ ते १३ डिसेंबर २०१९ या दिवसांत मुंबईच्या आयआयटीत. तर्कशास्त्र आणि यंत्रांच्या वर्तनाची सिद्धता हेही तिचे विषय आहेत. परंतु गणनपद्धती आणि जटिलता हा तिचा एक मुख्य विभाग आहे.

अशा परिषदेत बोलायला उभे राहायचे कसे? तेथे वशिला चालत नाही. आधी निबंध पाठवावा लागतो. त्या विषयातले तीन-चार जाणकार तो ओळीओळीने वाचतात. सिद्धतेत भोक असेल तर ते दाखवून देतात. पुष्कळ निबंध परत जातात, पण परत जातानाही जाणकारांचे अभिप्राय लेखकाला मिळतात. निवडलेल्या निबंधाच्या लेखकाला सुमारे वीस मिनिटे मिळतात. श्रोत्यांत नामांकित प्राध्यापक असतात तसे पंचविशीतले विद्यार्थीही असतात. प्रश्न विचारण्याचा अधिकार दोघांनाही सारखाच असतो. ज्याची सिद्धता टिकते त्याचे म्हणणे टिकते. वय, हुद्दा, गाव, आडनाव यांना तेथे मोल नाही.

तीन उदाहरणे सांगतो, म्हणजे माझे म्हणणे पोकळ वाटणार नाही.

पहिले नरेंद्र करमरकर यांचे. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले करमरकर १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदवीधर झाले आणि पुढे अमेरिकेत, मघाशी उल्लेखिलेल्या रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. त्यांनी सोडवलेला प्रश्न आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगणे कठीण नाही. दुभत्या जनावराला सरकीची ढेप, तुरीची चुनी आणि कुटार असे मिळून खाद्य द्यायचे आहे. प्रत्येकाचा भाव वेगळा, कस वेगळा. जनावराला लागते तेवढे सत्त्व मिळाले पाहिजे आणि खर्च कमीत कमी आला पाहिजे. तीन जिनसांचा हिशेब बोटांवर होईल. परंतु रेल्वे, विमान कंपन्या, तेलशुद्धीकरण कारखाने यांच्यापुढे हजारो जिनसा आणि हजारो अटी असतात. यासाठी १९४७ पासून डँटझिग यांची पद्धत वापरात होती. व्यवहारात ती उत्तम चाले, पण मुद्दाम रचलेल्या काही उदाहरणांत तिला अफाट वेळ लागतो, हे १९७२ मध्ये दिसून आले. १९७९ मध्ये खाचियान या रशियन गणितज्ञाने हा प्रश्न सोप्या जातीचा आहे असे सिद्ध केले, परंतु त्यांची पद्धत प्रत्यक्षात मंद होती. १९८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत करमरकरांनी अशी पद्धत मांडली की जिला सिद्धतेची हमीही होती आणि व्यवहारातला वेगही. त्यावेळी त्यांनी तिशीही ओलांडलेली नव्हती. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली.

दुसरे उदाहरण कानपूरचे. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही, हे आपण भागून पाहतो. शंभर अंकी संख्या असेल तर भागून पाहण्यास एकावर पन्नास शून्ये एवढे भागाकार लागतील. झटपट चाचण्या होत्या, पण त्यांत एक तर चुकीची किंचित शक्यता राहत असे किंवा त्या न सिद्ध झालेल्या गृहीतांवर उभ्या होत्या. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी निर्विवाद आणि झटपट अशी चाचणी शोधून काढली. दोघे विद्यार्थी त्याच वर्षी बी.टेक. झाले होते. एवढा मोठा शोध, पण मूळ निबंध अवघ्या नऊ पानांचा. त्यात वापरलेले गणित तज्ज्ञांना आश्चर्य वाटावे इतके प्राथमिक होते. या कामाला २००६ मध्ये गोडेल पारितोषिक मिळाले. आपली एफएसटीटीसीएस परिषदही २००२ च्या डिसेंबरात कानपुरातच भरली होती.

तिसरे उदाहरण मी विशेषतः मुलींसाठी सांगतो. नववीच्या पुस्तकात बहुपदी शिकवतात. बेरीज आणि गुणाकार एवढ्या दोनच क्रियांचे थर एकावर एक रचून बहुपदी तयार करायची, पण थरांची संख्या आधीच ठरवून दिलेली. काही बहुपद्या अशा आहेत की त्यांना अशा रचनेत प्रचंड संख्येने क्रिया लागणारच, कितीही चतुराई केली तरी चुकत नाही, असे सिद्ध करणे अनेक वर्षे कोणालाही जमले नव्हते. २०२१ मध्ये नूतन लिमये, श्रीकांत श्रीनिवासन आणि सेबास्टियन तावनास यांनी ते सिद्ध केले. एफओसीएस या जगातल्या अग्रगण्य परिषदेत तो वर्षाचा सर्वोत्कृष्ट निबंध ठरला. लिमये आणि श्रीनिवासन या दोघांनीही मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केले आहे. अवघडपणा सिद्ध करणे हे या शास्त्रातले सर्वांत कठीण काम, आणि ते करणाऱ्यांत पहिले नाव एका स्त्रीचे आहे.

येथे कोणी विचारील, या साऱ्याचा पोटापाण्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे आणि त्याला तसेच उत्तर दिले पाहिजे. पहिली गोष्ट उपयोगाची. आज भाजीवाल्याच्या गाडीवरही मोबाइलवरून पैसे दिले जातात. मधल्या वाटेत ते कोणी पळवू नये म्हणून संदेशाला कुलूप लावलेले असते. अशा कुलपांची एक प्रसिद्ध पद्धत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातले शमीर म्हणजे वेळापत्रकाच्या निबंधातले शमीरच. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्यांचे अवयव पाडणे फार अवघड. या अवघडपणावर ते कुलूप टिकून आहे. आणि अवयव पाडणे खरोखर अवघड आहे, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. तो आजवरच्या अनुभवावर बसलेला विश्वास आहे. ज्यावर जगाचा व्यवहार चालतो तो पायाच तपासण्याचे काम हे लोक करीत आहेत.

दुसरी गोष्ट नोकरीची. हे शास्त्र शिकून प्रत्येकाला नोकरी मिळेल, असे मी म्हणणार नाही. गॅरेज चालवणारा, शिवणकाम करणारी, वायरमन, दुकानदार हे सारे आपल्या वस्तीचे आधारस्तंभ आहेत आणि त्यांचे काम कमी प्रतीचे नाही. पण या धंद्यांखेरीज आणखी एक वाट आहे, आणि ती कोणाला ठाऊकच नसल्यामुळे बंद राहावी, हे मला सलते. भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा लागते, वैद्यकाला रुग्णालय लागते. या शास्त्राला लागतो तो कागद, पेन्सिल आणि विचार करायला थोडी शांत जागा. आपल्या गल्लीतल्या घरात पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी संस्थेने आपल्या वाचनालयात द्यावी.

ही वाट परकीही नाही. कृती पायरीपायरीने सांगण्याच्या पद्धतीला साऱ्या जगात अल्गोरिदम म्हणतात. तो शब्द नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. त्यांनी ग्रंथ लिहिला तो भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर. भारतातून बगदाद आणि तेथून युरोप असा तो प्रवास झाला. पण पूर्वजांच्या नावावर आपल्याला परीक्षेत गुण मिळत नाहीत. त्यांनी जे केले ते पुढे नेण्याची तयारी असेल तरच त्या नावाचा अभिमान शोभून दिसतो.

म्हणून तीन विनंत्या करतो. पालकांना विनंती अशी की दहावीनंतर मुलाने, आणि मुलीनेही, गणित घेतो म्हटले तर तिला किंवा त्याला अडवू नका. बारावीनंतर चेन्नईच्या गणित संस्थेत गणित आणि संगणकशास्त्र यांचा एकत्र पदवी अभ्यासक्रम आहे. तेथे प्रवेश परीक्षेवर मिळतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे संशोधन चालते. अकोल्याहून रात्री गाडीत बसले की सकाळी मुंबई येते. अंतर तेवढेच आहे.

शिक्षकांना विनंती अशी की आठवड्यातून एक तास असा ठेवा, की ज्यात परीक्षेला न येणारे प्रश्न मुलांपुढे ठेवले जातील. मोहल्ल्याचा नकाशा काढा, चौक मोजा, गल्ल्या मोजा. वेळापत्रकाची एक छोटी आवृत्ती मुलांकडून करून घ्या. उत्तर आले नाही तरी चालेल. उत्तर का येत नाही, हे मुलाने नीट सांगितले तर त्याला पूर्ण गुण द्या.

आणि विद्यार्थ्यांना विनंती. २००८ पासूनचे या परिषदेचे सारे निबंध इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळतात. आज ते समजणार नाहीत. ते इंग्रजीत आहेत आणि गणितही पुढचे आहे. तरी एखादा उघडून पाहा. पहिल्या पानावर प्रश्न काय आहे तेवढेच वाचा. उर्दूत, मराठीत, जमेल त्या भाषेत तो आपल्या वहीत उतरवून ठेवा. चार वर्षांनी पुन्हा उघडाल तेव्हा आणखी दोन पाने कळतील.

एखादे गणित सुटत नसेल, तर ‘माझ्याने होत नाही’ असे म्हणण्याआधी ते गणित कोणत्या जातीचे आहे ते विचारा. कदाचित ते सोपे असेल आणि युक्ती जवळच असेल. कदाचित जगातल्या सर्वांत हुशार माणसांनाही ते पन्नास वर्षांत सुटलेले नसेल. दोन्ही बाबतींत हात टेकण्याचे कारण नाही. येत्या काळात पुण्या-मुंबईत भरणाऱ्या अशा एखाद्या परिषदेत जुन्या शहरातली एखादी मुलगी आपली सिद्धता मांडायला उभी राहावी, एवढी इच्छा व्यक्त करतो.